मानाचें पान कोणाचें?

जुन्या अमेरिकन मोटारींचीं चित्रें वहींत डकविण्याचा छंद कांहीं मुलांस असतो, आणि त्या वहींत मानाचें पान बहुधा १९५९ सालच्या कॅडिलॅकला मिळतें. आमचें मत निराळें आहे. तो मान फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ ह्या ओबडधोबड गाडीचा आहे.

ही गाडी १९०८ सालीं निघाली व १९२७ पर्यंत मूळ रचनेंत फारसा फरक न होतां निघत राहिली. तिचें बळ अवघें २० अश्वशक्तीचें. परंतु चाकें उंच, पोलाद उत्तम, आणि रचना इतकी साधी कीं अमेरिकेंतील शेतकरी ती स्वतःच्या हातानें दुरुस्त करी. मागचें चाक उचलून त्यास पट्टा जोडला म्हणजे तीच गाडी लांकडें कापी व पाणीही उपशी. खोडी होत्याच. पेट्रोलची टांकी बैठकीखालीं असल्यामुळें, पेट्रोल थोडें असतां उभा चढ लागला म्हणजे तें इंजिनापर्यंत पोंचत नसे. मग गाडी फिरवून पाठमोरी चढवावी लागे! १९१३ सालीं फोर्डनें हायलंड पार्कच्या कारखान्यांत सरकत्या जुळणीची पद्धति सुरू केली. सांगाडा जुळविण्यास बारा तासांहून अधिक वेळ लागे, तो लवकरच दीड तासावर आला. प्रारंभीं सुमारें ८५० डॉलर किंमत असलेल्या ह्या गाडीचा साधा प्रकार १९२५ सालीं २६० डॉलरला मिळूं लागला. एकंदर दीड कोटींहून अधिक गाड्या निघाल्या, आणि मोटार ही केवळ धनिकांची चैन राहिली नाहीं.

आतां कॅडिलॅक पाहा. लांबी पावणेएकोणीस फूट, वजन दोन टनांहून अधिक, बळ ३२५ अश्वशक्तीचें. मागें विमानाच्या शेपटासारखे दोन उंच पंख व त्यांत बंदुकीच्या गोळीसारखे लाल दिवे. ह्या पंखांचा उपयोग काय? गेल्या वर्षींची गाडी शेजाऱ्यास जुनी दिसावी, एवढाच! १९६० सालीं ते पंखही खुजे झाले.

चालविणाऱ्याचें सुख पाहतां कॅडिलॅक श्रेष्ठ, हें मान्य केलें पाहिजे. तिचे गिअर आपोआप बदलत. उलट ‘टी’ सुरू करण्यास पुढून दांडा फिरवावा लागे, व त्याच्या उलट्या झटक्यानें कित्येकांचीं मनगटें मोडलीं. परंतु ही यातायात संपविणारा विजेचा स्टार्टर नित्य विक्रीच्या गाड्यांवर प्रथम बसविला तो कॅडिलॅकनेंच, १९१२ सालच्या गाड्यांवर. त्या कॅडिलॅकचें चित्र वहींत असतें, तर आमची कांहींच तक्रार नव्हती.