आदत गोऱ्ह्यास शर्यतीची घाई नको

जत्रांचा हंगाम आला की पुणे शहराभोवतालच्या गावांतून बैलगाडा शर्यतींचे घाट गजबजतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यतींवर बंदी घातली होती. पुढे महाराष्ट्राने केलेला कायदा त्याच न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरविला. शर्यतीस आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी व बैलांची पशुवैद्यकीय तपासणी आवश्यक आहे. तथापि कोवळ्या सांध्यांची जपणूक मालकाच्याच हाती आहे.

कित्येक ठिकाणी ‘आदत’ गोऱ्ह्यांचे स्वतंत्र गट धावतात. गोऱ्ह्याचे दुधाचे दात साधारणतः दोन वर्षांनी पडू लागतात. त्या वयात लांब हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा कोवळीच असते. भरधाव वेगाचा ताण तिला सोसत नाही आणि पाय कायमचा अधू होण्याचा धोका राहतो.

ब्रिटनमध्ये श्वानांच्या अडथळ्यांच्या शर्यती होतात. हा खेळ प्रथम १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात दाखविला गेला. तेथे अठरा महिन्यांखालील श्वानास स्पर्धेत उतरता येत नाही व अडथळ्याची उंची श्वानाच्या उंचीवरून ठरते. श्वानाबाबत पाळला जाणारा हा विवेक शेतकऱ्याने आपल्या बैलाबाबतही पाळावा.

यास्तव गोऱ्हा चौसा होईपर्यंत त्यास शर्यतीस जुंपू नये. सराव मऊ जमिनीवर व थोडा थोडा वाढवीत घ्यावा. धावण्यापूर्वी बैल चालवून अंग मोकळे करावे. धावल्यानंतर सावकाश फिरवावा. पाय सुजल्यास किंवा लंगडल्यास पशुवैद्यकास दाखवावे व पूर्ण विश्रांती द्यावी. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी यात्रा समितीस हे आधीच समजावून द्यावे. एका वर्षाच्या गुलालासाठी पुढील दहा वर्षांचा बैल गमावणे हे शहाणपणाचे नव्हे.