पोर्ट ऑफ स्पेनचे अंदाजपत्रक

आमच्या घरात दर दिवाळीला एक नवी वही निघते. पहिल्या पानावर 'श्री' घालून सौ. तीत पुढच्या वर्षाच्या खर्चाची कलमे मांडते आणि आम्ही, म्हणजे गोंदियाच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणारा हा गृहस्थ, त्या कलमांची अक्षरे तेवढी सुवाच्य आहेत की नाहीत हे पाहतो. गेल्या दिवाळीत मात्र त्या वहीच्या शेवटच्या पानावर आमच्याच हस्ताक्षरात एक मथळा उमटला : 'त्रिनिदाद — तीन माणसे, बारा दिवस.'

हे कसे झाले ते सांगतो. आमच्या शेजारचे एक स्नेही परदेशची सहल करून आले आणि आठवडाभर त्या सहलीचे निरूपण करीत राहिले. सात दिवस परक्या मुलखात राहून त्यांनी सातही दिवस वरणभात, बटाट्याची भाजी आणि शेवटच्या दिवशी पुरणपोळी खाल्ली होती. कंपनीने आचारीच बरोबर नेला होता! "अगदी घरच्यासारखं वाटलं हो," ते म्हणाले. त्यावर आमची अकरावीतली कन्या ताडकन म्हणाली, "मग काका, घरीच का नाही राहिलात?" शेजारधर्म सांभाळायला सौ.ने चहा आणला. पण प्रश्न चहात विरघळला नाही. जायचे तर असे जायचे, की तिथली माणसे राहतात तसे राहता यावे, खातात ते खाता यावे, आणि खिशाला भोकही पडू नये. अस्सल आणि स्वस्त, असे दोन शब्द कन्येने मथळ्याखाली अधोरेखित केले.

आता तुम्ही म्हणाल, माथेरान सोडून एकदम त्रिनिदाद कशासाठी? त्याचे उत्तर आमच्या तीर्थरूपांच्या जुन्या भूगोलाच्या नकाशात आहे. मार्च १९७१ मध्ये बाबा नुकतेच एका भातगिरणीत हिशेबनीस म्हणून लागले होते. वाडेकरांचा संघ तेव्हा वेस्ट इंडीजला गेला होता. पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर १० मार्चला आपण वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदाच हरवले. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी त्यात ११२ धावा काढल्या. एकवीस वर्षांच्या सुनील गावसकरांनी पहिल्याच कसोटीत ६५ आणि नाबाद ६७ केल्या. पुढे एप्रिलमध्ये त्याच मैदानावर त्यांनी एका कसोटीत १२४ आणि २२० काढल्या, आणि चार कसोट्यांतून ७७४ धावा जमवून ते परतले. तिथे खेळ रंगे तेव्हा इथे रात्र असे, त्यामुळे ती बातमी बाबांना सकाळी कळली. गिरणीत तांदळाची पोती मोजता मोजता त्यांनी धाकट्या भावाच्या नकाशाच्या वहीत व्हेनेझुएलाच्या नाकासमोरचा तो ठिपका शोधला आणि लाल पेन्सिलीने त्याभोवती वर्तुळ केले. ते वर्तुळ आजही आहे. पेन्सिल फिकी झाली, माणूस झाला नाही.

असो. अंदाजपत्रकाकडे वळू. पहिले कलम विमानभाड्याचे, आणि तेच सगळ्यांत जड. भारतातून त्या बेटावर थेट विमान जात नाही. लंडन किंवा न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी उतरून दुसरे धरावे लागते. त्यातही मेख अशी, की नुसते विमान बदलायलासुद्धा काही देशांत वेगळा परवाना काढावा लागतो. अमेरिकेत तर लागतोच. म्हणजे ज्या वाटेचे तिकीट स्वस्त दिसते, ती परवान्याची फी धरल्यावर महाग निघू शकते. दोन महिने भाव पाहून आम्ही माणशी पावणेदोन लाख धरले. तिघांचे सव्वापाच लाख. सौ.ने आकडा लिहिला, पेन खाली ठेवले आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे का ते पाहून आली.

दुसरे कलम ऋतूचे. जानेवारी ते मे तिथे कोरडे हवामान असते आणि जूनपासून डिसेंबरपर्यंत पावसाळा. कोरड्या दिवसांतच कार्निव्हल येतो, ॲश वेन्सडेच्या आधीचा सोमवार आणि मंगळवार. त्या सुमारास खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात. तेव्हा तो आठवडा टाळून नंतर जावे. समुद्रकाठचे हॉटेल न घेता एखाद्या कुटुंबाच्या घरातली खोली घ्यावी, आणि भाड्याच्या मोटारीऐवजी तिथल्या 'मॅक्सी टॅक्सी'ने फिरावे. या मॅक्सी म्हणजे आपल्या काळ्यापिवळ्यांच्या सख्ख्या बहिणी. ठरलेल्या मार्गावर धावतात, आणि कोणत्या भागाकडे जाते ते गाडीवरच्या रंगीत पट्ट्यावरून ओळखायचे.

तिसरे कलम जेवणाचे; आणि इथे आमच्या वहीचा सूरच बदलला. तिथल्या रस्त्यावर सकाळी लोक 'डबल्स' खातात : दोन मऊ तळलेले 'बारा' आणि मध्ये रश्शातले चणे. 'बारा' म्हणजे आपला वडाच. 'दालपुरी' म्हणजे डाळ वाटून, जिरे घालून भरलेली पोळी. पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण म्हणा. आणि 'साहीना' म्हणजे अळूची पाने डाळीच्या पिठात घालून तळलेली! कन्येने हे वाचून दाखवले तेव्हा सौ. परसातल्या अळूकडे पाहत म्हणाली, "म्हणजे सव्वापाच लाख खर्चून आपण अळूवडी खायला चाललो आहोत तर!"

शेजारच्या काकांचा आचारी आठवून आम्ही सगळे हसलो. पण रात्री मला झोप येईना. ती अळूवडी तिथे गेली कशी?

ती जहाजातून गेली. १८४५ साली १६ फेब्रुवारीला 'फतेल रझाक' नावाचे गलबत कलकत्त्याहून निघाले आणि १०३ दिवसांनी, ३० मे रोजी त्रिनिदादला लागले. त्यात दोनशेहून अधिक मजूर होते. गुलामगिरी उठल्यावर उसाच्या मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते, म्हणून करारावर माणसे नेली गेली. १९१७ पर्यंत ही वाहतूक चालली आणि सुमारे १ लाख ४४ हजार लोक त्या बेटावर पोचले, बहुतेक आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातले आणि बिहारमधले. प्रत्येकाच्या नावाने एक परवाना होता. त्यावर बापाचे नाव, जात, गाव, वय. त्या कागदांवरून आजही तिथली माणसे आपले गाव शोधतात. त्रिनिदादच्या पंतप्रधान कमला पर्साद-बिसेसर २०१२ च्या जानेवारीत बक्सर जिल्ह्यातल्या भेलुपूरला आपल्या पूर्वजांच्या गावी आल्या होत्या, तो प्रसंग काही वाचकांना आठवत असेल.

म्हणजे अंदाजपत्रकी प्रवास त्यांनीच केला. पुढची पाच वर्षे मळ्यावर राबायची, हेच त्यांचे भाडे! आमच्या गोंदियाच्या फलाटावर धान कापून झाले की पोटासाठी बाहेरगावी निघालेली बिऱ्हाडे दिसतात. कडेवर पोर, डोक्यावर गाठोडे, गाठोड्यात तवा. मी रोज त्यांच्या शेजारून वर्तमानपत्र वाचत जातो. 'अस्सल' जीवन पाहायला मी चौदा हजारांहून अधिक किलोमीटरवर निघालो होतो, आणि ते माझ्या फलाटावर गाडीची वाट पाहत बसले होते. हे मी वहीत लिहिले नाही. कोणत्या कलमात लिहिणार?

आणखी एक गंमत कन्येने शोधून काढली. २०११ च्या जनगणनेत आमच्या गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या भरली १३ लाख २२ हजार, आणि त्याच वर्षी त्रिनिदाद-टोबॅगो या अख्ख्या देशाची १३ लाख २८ हजार. क्षेत्रफळही दोघांचे पाच हजार चौरस किलोमीटरांच्या थोडे वर. तेथे कॅरोनीच्या दलदलीत संध्याकाळी लालभडक आयबिस पक्ष्यांचे थवे झाडांवर उतरतात. आमच्या तळ्यांकाठी सारसाच्या जोड्या. बाबा झोपाळ्यावर ऐकत होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "धान होते का तिथं?" होते, मी म्हणालो. याच मजुरांनी कॅरोनीच्या पाणथळीत भाताची शेती रुजवली. "हव," एवढेच म्हणून त्यांनी डोळे मिटले. गिरणीत चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला याहून अधिक पत्ता लागत नाही.

मग मी त्यांना सिवदास साधूची हकिकत सांगितली. हा मळ्यावरचा साधा मजूर. त्याने १९४७ साली वॉटर्लू गावी किनाऱ्यावर देऊळ बांधले. जागा साखर कंपनीची निघाली. १९५२ साली देऊळ पाडले गेले आणि त्याला तुरुंगात जावे लागले. सुटून आल्यावर तो म्हणाला असावा, जमीन तुमची, समुद्र तर कोणाचा नाही! सायकलला बादल्या अडकवून, दगडमाती वाहून त्याने भर समुद्रात वाट घातली आणि टोकाला देऊळ उभारले. वर्षानुवर्षे एकटा खपत होता. लाटांनी खचलेल्या त्या देवळाचा जीर्णोद्धार १९९४-९५ च्या सुमारास झाला. बाबांनी विचारले, "सायकल कोणती होती?" मला सांगता आले नाही.

इकडे वहीतली बेरीज सात लाखांवर गेली होती. सव्वापाच भाड्याचे, पावणेदोन राहण्याजेवणाचे. आवर्ती ठेवीत जमले होते तीन लाख दहा हजार. शिवाय बाबांचे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरांनी एकाची शस्त्रक्रिया लवकर करा म्हणून सांगितलेले, आणि बाबा दोन वर्षे ती टाळीत आलेले. "या वयात कशाला नवा सांधा? जायचं कुठं आहे?" हे त्यांचे ठरलेले उत्तर. सौ.ने एका रात्री वही मिटली. "आधी गुडघा. बेट कुठे पळून जात नाही." मला ते पटले, आणि खरे सांगायचे तर थोडे हायसेही वाटले.

पुढल्याच पंधरवड्यात एक पोलीस शिपाई दारात उभा राहिला. कन्या घाबरली. मी चष्मा शोधू लागलो. "पासपोर्टची चौकशी आहे," तो म्हणाला. आम्ही म्हटले, आमचे पासपोर्ट तर मागेच निघाले. त्याने कागद पाहून नाव वाचले. ते बाबांचे होते! बाबा काठी टेकत बाहेर आले आणि शाळेतल्या पोराने गृहपाठ दाखवावा तसे कागद त्याच्यापुढे धरले. शेजारच्या मुलाला हाताशी धरून, आम्हाला न सांगता, त्यांनी अर्ज भरला होता.

शिपाई गेल्यावर मी विचारले, "बाबा, हे काऊन?"

"तू जाशील आन् येऊन मले सांगशील, मैदान कसं आहे. तुले क्रिकेट कुठं समजते?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "गुडघा करून टाकू दिवाळीनंतर. आता काम आहे त्याले."

त्या रात्री वही पुन्हा उघडली. चौघांचे तर शक्य नव्हते. कन्या म्हणाली, "यंदा माझी बारावी. मी काय, कधीही जाईन. आजोबांचं वेळापत्रक आधी लावा." ही सहल तिच्याच प्रश्नातून निघाली होती, तिने हे किती सहज म्हटले ते मी पाहत होतो, आणि तितके सहज ते नव्हते हेही पाहत होतो. सौ.ने काही न बोलता मथळ्यातले 'तीन माणसे' खोडून 'दोन' केले.

तर वाचकहो, सुधारित अंदाजपत्रक असे : विमानभाडे साडेतीन लाख, बाकी सगळे एक लाख चाळीस हजार. एकूण चार लाख नव्वद हजार. शिल्लक तीन लाख दहा हजार. बाबांच्या पोस्टाच्या पुस्तकातली रक्कम गुडघ्याची, तिला हात लावायचा नाही. तूट एक लाख ऐंशी हजारांची. डॉक्टरांची अनुज्ञा मिळाली तर पुढल्या वर्षीचा कोरडा हंगाम, कार्निव्हल उलटल्यावर. सामना नसला तरी चालेल, बाबांनी स्पष्ट सांगितले आहे. गवत असले म्हणजे झाले.

या दिवाळीत आमच्याकडे नवे कपडे नाहीत. फराळ मात्र झाला. त्यात सौ.ने यंदा एक पदार्थ वाढवला होता, अळूवडी. बाबांनी दोन खाल्ल्या, तिसरी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "ही राहू दे. तिथली खाल्ल्यावर सांगीन कोणती चांगली."