सुमार प्रशिक्षक आणि निर्धास्त मालक

कोल्हापुरात छत्रपती शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम समोरासमोर आल्या की सामन्याची चर्चा पेठांपेठांतून रात्रीपर्यंत चालते. हरलेल्या बाजूचा निकाल बहुधा ठरलेला असतो : प्रशिक्षक बदला. हीच मंडळी देशातील व्यावसायिक फुटबॉलकडे पाहतात तेव्हा मात्र त्यांना एक कोडे पडते. तेथे सुमार प्रशिक्षक टिकतात कसे? एका क्लबने काढले तर दुसरा क्लब त्यांना बोलावून घेतो, तो कसा? वशिला, नशीब, गोरी कातडी अशी उत्तरे सहज सुचतात. त्यांत थोडे तथ्यही असेल. परंतु प्रश्नाचे मूळ माणसांच्या स्वभावात नसून खेळाच्या अर्थव्यवस्थेत आहे.

प्रथम हे पाहिले पाहिजे, की प्रशिक्षकाची योग्यता मोजायची कशी? इंग्लंडमधील क्लबांच्या हिशेबांचा अभ्यास करून अर्थशास्त्रज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी दाखवून दिले, की दीर्घ काळाच्या सरासरीत क्लबच्या क्रमवारीतील सुमारे नऊ दशांश फरक खेळाडूंच्या वेतनावरील खर्चानेच स्पष्ट होतो. ज्याची तिजोरी मोठी तो वर, ज्याची लहान तो खाली. उरलेल्या एक दशांशात प्रशिक्षकाची बुद्धी, दुखापती, पंचांचे निर्णय आणि दैव या सर्वांनी दाटीवाटीने राहायचे! म्हणजे बहुतेक प्रशिक्षकांच्या हाती निकालातला अगदी अल्प वाटा असतो. ज्याचा वाटाच नीट दिसत नाही, त्याचे सुमारपणही सिद्ध करता येत नाही.

महाराष्ट्रातलेच उदाहरण घेऊ. खालिद जमील २००९ ते २०१६ अशी सात वर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. या काळात संघ आय-लीगच्या विजेतेपदाजवळ कधी पोहोचला नाही, आणि खालच्या गटात कधी ढकललाही गेला नाही. प्रेक्षकांच्या दृष्टीने ही सुमार कामगिरी होती. बेताच्या खर्चात लीगमधील जागा राखली जात होती, हा त्याच कामगिरीचा दुसरा अर्थ. २०१६ मध्ये ही साथ संपली. पुढल्याच हंगामात मुंबई एफसीने मध्येच आणखी एकदा प्रशिक्षक बदलला, तरीही संघ तळाशी गेला आणि पदावनत झाला. जमील मात्र आयझॉलला गेले आणि २०१७ मध्ये त्या लहानशा क्लबला त्यांनी आय-लीगचे विजेते केले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले, आणि त्याच ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून १-२ असा पराभव होऊन आशियाई चषकाची दारे भारताला बंद झाली. माणूस एकच. मुंबईत तो सुमार, आयझॉलमध्ये चमत्कारी, मडगावात अपयशी. बदलली ती भोवतालची व्यवस्था.

मग मालक प्रशिक्षक निवडतो तो कशाच्या आधारावर? जोखीम कमी करण्याच्या. आधी कुठेतरी काम केलेला, नाव असलेला माणूस नेमला की पराभवानंतर मालकाला सांगता येते, 'आम्ही तर अनुभवी माणूस आणला होता.' अपरिचित तरुणाला नेमून हरले तर दोष मालकाच्या पदरी येतो. म्हणून तीच ती नावे फिरत राहतात. सुमार प्रशिक्षक हा मालकाचा एक प्रकारचा विमा आहे.

त्यात पराभवाची किंमतच मोजावी लागत नसेल तर विचारायलाच नको. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. २०२४-२५ पर्यंतच्या अकरा हंगामांत तळाला राहिला म्हणून एकही संघ खालच्या गटात गेला नाही. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये नाहीसा झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली, ती गुणतक्त्यामुळे नव्हे, ताळेबंदामुळे. जे भांडवल स्पर्धेचे गोडवे गाते, त्याने स्वतःला मात्र स्पर्धेपासून कायद्याच्या भिंतीआड सुरक्षित ठेवले आहे. मालक निर्धास्त असेल तर त्याचा नोकर सुमार असून भागते.

सार्वजनिक संस्थेची कथा याहून वेगळी नाही. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांचा करार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ऑक्टोबर २०२३ मध्ये २०२६ पर्यंत वाढवला. जानेवारी २०२४ मधील आशियाई चषकात भारत तिन्ही सामने एकही गोल न करता हरला. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानाने हरवले. तरीही जून उजाडेपर्यंत ते पदावर राहिले, कारण काढण्याचा खर्च ठेवण्याच्या खर्चाहून मोठा होता. अखेर तडजोडीपोटी चार लाख डॉलर, म्हणजे तीन कोटींहून अधिक रुपये, द्यावे लागले.

येथे एक आक्षेप संभवतो. कामगाराच्या नोकरीच्या हमीसाठी लढणाऱ्या समाजवाद्यांनी प्रशिक्षकाच्या हमीवर का रुसावे? रुसण्याचे कारण नाही. प्रशिक्षकही पगारदारच आहे, आणि पराभवाच्या दुसऱ्या दिवशी त्याला हाकलून संघ सुधारतो असेही नाही. डच लीगमधील १९८६ ते २००४ या काळाच्या अभ्यासात, प्रशिक्षक बदललेले आणि तशाच पडत्या काळात न बदललेले संघ जवळपास सारखेच सावरल्याचे आढळले. आक्षेप आहे तो हमीच्या वाटपावर. वर करार मोडण्याचे कोटी मिळतात. खाली गांधी मैदानावर पोरांना पहाटे चेंडू मारायला शिकवणारा माणूस आपली नोकरी सांभाळून, पदरमोड करून हे काम करतो. सतरा वर्षांखालील विश्वचषकात २०१७ साली भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा, आणि त्याच्या घडणीत सरकारी क्रीडा प्रबोधिनीचा वाटा आहे.

कुस्तीच्या तालमीत वस्तादाची पारख त्याने घडवलेल्या पठ्ठ्यांवरून होते. हौद्यात उतरलेल्या पोराच्या अंगी काय आले ते साऱ्या गावाला दिसते. फुटबॉलमध्येही हीच कसोटी लावता येईल. त्यासाठी करार लोकांसमोर खुले हवेत. जर्मनीत १९९८ पासून क्लबच्या मतांचे बहुमत सभासदांकडे राखण्याचा नियम आहे. तसा सभासदांचा अधिकार येथेही हवा. शासनाने आणि महापालिकेने तळच्या प्रशिक्षकाला नियमित वेतन द्यायला हवे. तालीम मंडळांनीही आपल्याकडे पाहावे : वर्गणीतून बाहेरचे खेळाडू आणण्यावर किती खर्च होतो, आणि पेठेतल्या मुलांना शिकवणाऱ्यावर किती?

प्रशिक्षक बदला, ही घोषणा मालकांना सोयीचीच आहे. ती त्यांच्या गादीला हात लावत नाही. शाहू स्टेडियममधल्या लाकडी बाकावर नव्हे तर पायरीवर बसून सामना पाहणाऱ्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. संघ हरला की नेमके कोणाचे काय जाते? ज्यांचे काहीच जात नाही, त्यांच्या हाती खेळ आहे तोवर सुमारपणाला मरण नाही.