घराच्या राखणीला बंदूक कोणती?

दिवाळीच्या अंकात, चकली-करंजीच्या शेजारी, बंदुकीचा विषय पाहून काही वाचकांच्या भुवया चढतील. पण चार घरे एकत्र जमली, की शेजारच्या सोसायटीतील चोरीचा विषय निघतोच; आणि तो निघाला, की कोणी तरी कर्ता पुरुष “आता एक पिस्तूल घेऊनच टाकावे” असे बोलून जातो. जणू काही ती मिक्सरसारखी दुकानातून आणावयाची वस्तू आहे! तेव्हा या वेळी त्या पिस्तुलाचाच नीट विचार करू.

पहिली गोष्ट म्हणजे, निवड वाटते तेवढी मोठी नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम यांनी ती बरीचशी आधीच करून ठेवली आहे. नऊ मिलिमीटर, .३८, .४५ ही फौज-पोलिसांची मापे सामान्य नागरिकासाठी निषिद्ध. उरतात ती मुख्यतः दोन हत्यारे : बारा बोअरची बंदूक आणि .३२ चे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात पोलिस आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावयाचा. मग पोलिस चौकशी होते, शस्त्र हाताळण्याचे शिक्षण घ्यावे लागते आणि परवाना मिळालाच तर तो पाच वर्षांचा असतो.

आता बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. आतून गुळगुळीत असलेली, वीस इंचांहून आखूड नसलेली अशी बंदूक संरक्षणासाठी मागितली, तर परवान्याच्या बाबतीत कायद्याचा कल तिच्याकडे अधिक आहे. रिव्हॉल्व्हरसाठी मात्र सबळ कारण पटवून द्यावे लागते. दुनळी बंदूक रचनेला साधी. मोडून पाहिली, की काडतूस आहे की नाही हे डोळ्यांना दिसते. शेतावरील एकाकी घरासाठी आजवर हीच चालत आली.

पण हिच्याविषयी एक गैरसमज फार आहे. छर्रे उडतात, म्हणजे नेम धरावयाची गरज नाही, असे लोक समजतात. खोलीतल्या दहा-बारा फुटांत छर्रे फारसे पसरतच नाहीत. मूठभर जागेतच ते जाऊन बसतात. नेम चुकला तर सारेच चुकले. शिवाय फ्लॅटच्या बोळकांडीत ही लांब बंदूक वळवावयाची म्हणजे जिन्यातून कपाट नेण्यासारखेच.

रिव्हॉल्व्हर आटोपशीर, म्हणून शहरातील लोकांचा ओढा तिकडे. .३२ म्हणजे नळीचा व्यास सुमारे एक तृतीयांश इंच, आठ मिलिमीटरच्या आसपास. पण जितकी नळी आखूड, तितका नेम अवघड. अंधार, छातीतली धडधड आणि झोपेतून उठलेले डोळे असताना सरावाशिवाय ते चालविणे म्हणजे डोळे मिटून दगड मारणे होय. आणि हा दगड प्लायवूडच्या भिंतीला थांबत नाही. पलीकडे मुले झोपलेली असतात. सरावलेल्या हातालाही ते दगा देऊ शकते. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत पहाटे अभिनेते गोविंदा यांना त्यांच्या स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. घरात ना चोर होता, ना भांडण.

मात्र कोणते हत्यार घ्यावे याहून ते कोठे ठेवावे हा प्रश्न मोठा, आणि बहुतेकांची गाडी येथेच अडते. ज्या घरात मुले आहेत तेथे बंदूक एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात आणि किल्ल्या अंगावर, एवढे हवेच. पण मग रात्री दोन वाजता कडी वाजली, तर दिवा लावून, दोन कुलुपे काढून, काडतूस भरेपर्यंत चोर दागिन्यांसह जिना उतरलेला असावयाचा. बरे, ती भरून उशाशी ठेवावी, तर दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल घेऊन “हात वर!” म्हणत धावणाऱ्या पोराला खरे कोणते आणि खोटे कोणते हे कोण सांगणार? लगेच हाती येईल अशी बंदूक सुरक्षित नसते, आणि सुरक्षित ठेवलेली लगेच हाती येत नाही. कितीही किंमत मोजली तरी हा पेच सुटत नाही. त्यातून परवाना मिळतो तो माणसाला, घराला नव्हे. तो माणूस दिवसभर कचेरीत, आणि दुपारी दाराची घंटा वाजते तेव्हा घरात असतात आजी आणि सूनबाई.

अमेरिकेत घरोघरी बंदुका आहेत. तेथील अनुभव पाहण्याजोगा आहे. सिएटल शहर ज्यात येते त्या किंग काउंटीतील १९७८ ते १९८३ या सहा वर्षांतील मृत्यूंची पाहणी डॉ. आर्थर केलरमन आणि डॉ. डोनाल्ड रे यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केली. ज्या घरात बंदूक ठेवलेली होती त्याच घरात तिच्या गोळीने ३९८ माणसे मेली होती. त्यांत घरात शिरू पाहणारे किती? दोन. स्वसंरक्षणात मारले गेलेले आणखी सात. आत्महत्या मात्र ३३३ होत्या! त्यांच्या आणि आपल्या समाजात अंतर आहे हे खरे. पण निराशा, संताप आणि दारू यांना देशाची सीमा नसते. चोर आयुष्यात एखाद्या वेळी येतो किंवा येतही नाही. नापास झालेला मुलगा, कर्जात बुडालेला भाऊ, रागाने थरथरणारे वडील हे सारे घरातच राहतात.

कायदा काय म्हणतो? भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ पाहावीत. रात्रीची घरफोडी किंवा दरोडा चालू असताना प्रसंगी प्राण घेण्यापर्यंत संरक्षणाचा हक्क आहे. पण जरुरीपेक्षा अधिक इजा करण्याचा नाही. पळणाऱ्या भुरट्या चोराच्या पाठीत गोळी घालणाऱ्याला न्यायालयात जाब द्यावा लागेल. दिवाळीच्या आनंदात गच्चीवरून बार काढणे हाही गुन्हा आहे : इतरांच्या जिवाला धोका झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तेव्हा सल्ला असा. वस्तीपासून दूर शेतावर राहत असाल, नेमाने सराव करणार असाल आणि घरात कोणी खचलेले, तापट किंवा व्यसनी नसेल, तर बारा बोअरच्या दुनळीचा विचार करावा. रोख रक्कम किंवा सोने घेऊन ज्यांना फिरावे लागते त्यांनी रिव्हॉल्व्हरसाठी अर्ज करावा. आजोबांची जुनी बंदूक माळ्यावर पडली असेल, तर ती विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पुढची व्यवस्था विचारावी. परवान्याशिवाय ती घरात ठेवणे हाच गुन्हा आहे.

बाकीच्या आपणा सर्वांसाठी पहिली खरेदी मजबूत चौकटीच्या दाराची. त्याला जाळीचा सुरक्षा दरवाजा, पाहावयाचे भिंग, आतून साखळी, जिन्यात रात्रभर दिवा. सर्वांना पाठ असलेला ११२ क्रमांक. आणि शेजाऱ्यांशी असे संबंध, की आपण गावी असताना आपल्या दाराशी अनोळखी माणूस दिसला तर त्यांनी “कोण पाहिजे?” म्हणून विचारावे. या कशालाच परवाना लागत नाही. शेजाऱ्यांकडे फराळाचे ताट घेऊन जाल तेव्हा किल्लीविषयी दोन शब्द बोलून या, म्हणजे झाले.