टपालवाल्याची नात



यंदाच्या गणेशोत्सवाला आपल्या भागाच्या खासदारांना बोलवायचं, हे ब्रिटनमधल्या आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीच्या बैठकीत पाच मिनिटांत ठरलं. त्यांना विचारायचं काय, यावर मात्र तासभर गेला. हॉलचं वाढलेलं भाडं, डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत जाणारे आठवडे, आईवडिलांना इथे आणण्याचे कडक नियम, इथवर एकमत होतं. मग विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या एका मुलीनं सुदानमधल्या युद्धाचा प्रश्न मांडला. "ते आपलं काम नाही. खासदारानं आधी आपल्या गल्लीतला कचरा बघावा," असं एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले. बऱ्याच माना डोलल्या. मी गप्प बसले. घरी परतताना गाडी बॅटलीवरून गेली आणि त्या गप्प बसण्याची रुखरुख लागली. ती इथे मांडते आहे.

बॅटली म्हटलं की आपल्यापैकी जुन्या लोकांना खासदार जो कॉक्स आठवतात. जन्म इथलाच, १९७४चा. आई शाळेत सेक्रेटरी, वडील लीड्सच्या टूथपेस्ट आणि हेअरस्प्रेच्या कारखान्यात कामाला, आजोबा टपालवाले. लहानपणी सुट्टीत ही नात आजोबांबरोबर पत्रं वाटायला जायची. काही दारांत आजोबा जरा जास्तच रेंगाळायचे, कारण त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी दिवसभरात बोलणारं दुसरं कुणी नसायचं. पोरीनं ते पाहिलं आणि पुढे कधी विसरली नाही.

घरातली विद्यापीठाची पहिली पदवी तिनं केंब्रिजमधून घेतली. मग कित्येक वर्षं ऑक्सफॅममध्ये काम केलं, युद्धानं आणि दुष्काळानं देशोधडीला लावलेल्या माणसांमध्ये वावरली. मे २०१५मध्ये मजूर पक्षाच्या तिकिटावर बॅटली अँड स्पेनमधून त्या निवडून आल्या. ३ जूनचं त्यांचं हाउस ऑफ कॉमन्समधलं पहिलं भाषण मी पुन्हा वाचलं. आपल्या मतदारसंघात गाद्यांपासून बिस्किटांपर्यंत आणि गालिच्यांपासून लेथ मशीनपर्यंत काय काय बनतं, हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. इथे आयर्लंडमधून आलेले कॅथलिक आहेत, गुजरातमधून आणि काश्मीरमधून आलेले मुसलमान आहेत, हेही त्याच अभिमानानं. माणसांना वेगळं करणाऱ्या गोष्टींपेक्षा जोडणाऱ्या गोष्टी जास्त आहेत, हा त्या भाषणाचा गाजलेला भाग. पण उरलेलं भाषण कारखान्यांना कुशल कामगार का मिळत नाहीत आणि दळणवळण का अडतं, अशा रोखठोक गोष्टींचं होतं.

चार महिन्यांनी, १२ ऑक्टोबरला, त्याच सभागृहात त्या सीरियातल्या नागरिकांवर बोलायला उभ्या राहिल्या. बॉम्ब पडताहेत त्या लोकांना वाचवण्याची योजना कुठे आहे, हा त्यांचा प्रश्न. सीरियासाठीच्या सर्वपक्षीय गटाचं सहअध्यक्षपद त्यांनी हुजूर पक्षाच्या अँड्र्यू मिचेल यांच्याबरोबर सांभाळलं. डिसेंबरमध्ये सीरियातल्या हवाई हल्ल्यांवर मतदान झालं तेव्हा त्या तटस्थ राहिल्या. नागरिकांच्या रक्षणाची पूर्ण योजना नसताना नुसत्या हल्ल्याला होकार द्यायला त्यांचं मन तयार नव्हतं. युरोपात एकट्या पडलेल्या ३,००० निर्वासित मुलांना ब्रिटननं घ्यावं, अशी विधेयकातली दुरुस्ती लॉर्ड डब्स यांनी सुचवली होती. डब्स स्वतः १९३९ साली लहान वयात प्रागहून आगगाडीनं पळून वाचलेले. जो कॉक्स दोन लहान मुलांची आई म्हणून त्या दुरुस्तीच्या बाजूनं बोलल्या. एप्रिल २०१६मध्ये २९४ विरुद्ध २७६ मतांनी ती फेटाळली गेली. अठरा मतं. नंतर सरकार थोडं नमलं आणि काही मुलं आली, पण ३,००० आली नाहीत.

१६ जून २०१६ रोजी बर्स्टलच्या वाचनालयासमोर अतिउजव्या विचारांच्या एका माणसानं त्यांची हत्या केली. मतदारांना भेटायला त्या निघाल्या होत्या. खासदारांच्या अशा भेटीला इथे 'सर्जरी' म्हणतात. कुणाचं घरभाडं, कुणाचा व्हिसा, कुणाच्या मुलाची शाळा, असं सगळं त्या टेबलावर येतं. त्या दिवशीही तेच आलं असतं.

कुटुंबानं त्यांच्या नावानं निधी उभा केला, तेव्हा पैसा तीन ठिकाणी द्यायचं ठरलं: एक, मतदारसंघातल्या एकाकी माणसांपर्यंत स्वयंसेवक पोचवणारी संस्था, दुसरी, द्वेषाच्या राजकारणाविरुद्ध काम करणारी, तिसरी, सीरियात ढिगाऱ्याखालून माणसं काढणारे 'व्हाइट हेल्मेट्स'. काही दिवसांतच दहा लाख पौंडांहून जास्त रक्कम जमली. त्यांना सर्वांत जवळून ओळखणाऱ्यांनी बॅटलीतली म्हातारी आणि सीरियातलं पोर एकाच निधीत ठेवलं. आधी कोण आणि मग कोण, ही चर्चा त्यांनी केलेली दिसत नाही. मला बैठकीत जे सुचलं नाही ते हेच आहे. आजोबांच्या बरोबर दारोदार फिरलेल्या पोरीला एकटं पडलेलं माणूस ओळखता यायचं. ते बॅटलीच्या चाळीत आहे की सीरियाच्या ढिगाऱ्यात, हा पत्त्याचा प्रश्न झाला.

आता त्या कचऱ्याबद्दल. या देशात कचरा उचलणं हे कौन्सिलचं काम आहे आणि त्यासाठी आपण वेगळे नगरसेवक निवडतो. खासदार पत्र लिहू शकतात, हुकूम देऊ शकत नाहीत. उलट विमानं कुठे पाठवायची, परदेशी मदतीला किती पैसा ठेवायचा, निर्वासितांसाठी आणि आपल्या आईवडिलांसाठी कायदा काय असावा, या सगळ्याबद्दल ज्या सभागृहात सरकारला जाब द्यावा लागतो तिथे त्यांचं मत असतं. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के परदेशी मदतीला द्यायचे, असा कायदा २०१५मध्ये झाला. २०२१मध्ये ते ०.५ वर आले आणि २०२५मध्ये ०.३ पर्यंत खाली नेण्याचं जाहीर झालं. सुदानमधल्या छावणीतल्या धान्याशी याचा थेट संबंध आहे. हा प्रश्न खासदारांना नाही विचारायचा तर कुणाला?

आणि 'बाहेरच्या देशाचं आपल्याला काय' हे वाक्य निदान आपण तरी जपून उच्चारावं. १८९२ साली मध्य फिन्सबरीच्या मतदारांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या दादाभाई नौरोजींना पाच मतांनी निवडून दिलं. दादाभाई त्या सभागृहात आयर्लंडच्या स्वराज्याच्या बाजूनं उभे राहिले, आणि हिंदुस्थानातून वाहून जाणारी संपत्ती, तिथली गरिबी, तिथल्या मुलांना नाकारलेल्या नोकऱ्या हेही त्यांनी मांडलं. फिन्सबरीच्या लोकांनी 'आमच्या गल्लीचं बघा' एवढंच म्हटलं असतं, तर आपल्या पणजोबांच्या बाजूनं तिथे कोण बोललं असतं? तेव्हा दूरचा देश आपला होता.

जो कॉक्स यांनी खासदार असताना सुरू केलेलं एकाकीपणाविरुद्धचं काम त्यांच्या मागे मजूर आणि हुजूर अशा दोन्ही पक्षांच्या खासदारांनी पुढे नेलं आणि जानेवारी २०१८मध्ये सरकारनं या विषयासाठी मंत्री नेमला. हे लिहिताना मला आपल्या मंडळातल्या एक आजी दिसतात. मुलगा-सून सकाळी सातला बाहेर पडतात, नातवंडं चारला येतात, मधले नऊ तास खिडकी. इंग्रजी येत नाही म्हणून त्या बसमध्ये चढत नाहीत. मागच्या संक्रांतीला त्यांनी माझा हात धरून ठेवला होता, तिळगूळ देऊन झाल्यावरही बराच वेळ. दर बुधवारी दुपारी कुणीतरी त्यांच्याकडे जावं, अशी यादी आपण करतो आहोत. आतापर्यंत चार नावं आली आहेत. आणखी हवी आहेत.

दोन कामाच्या गोष्टी. भारतीय पासपोर्ट असला तरी इथे कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुलाच्या नागरिकाला खासदाराच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क आहे. आपल्या निम्म्या तरुण कुटुंबांना हे माहीत नव्हतं. नाव नोंदवा, मतदान केंद्रावर ओळख म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. दुसरं, आपली नोंदणी धर्मादाय संस्था म्हणून आहे, त्यामुळे कुठल्याही पक्षाचा प्रचार मंडळाच्या मंचावरून होणार नाही. प्रश्न मात्र विचारले जातील, आणि उत्तरं पुढच्या अंकात जशीच्या तशी येतील.

सुदानचा प्रश्न मी यादीत घातला आहे, हॉलच्या भाड्याच्या खाली आणि व्हिसाच्या वर. बैठकीत हरकत घेणाऱ्या सदस्यांशी फोनवर सविस्तर बोलले. त्यांची हरकत कायम आहे. ती त्यांनी लिहून पाठवायचं कबूल केलं आहे. याच पानावर छापू. बुधवारच्या यादीतलं चौथं नाव त्यांचं आहे.

– संपादक