उजव्या कडेचा जॅक्सन

फुटबॉलच्या खेळांत मैदानाच्या कडेकडेनें चेंडू नेणाऱ्या गड्यास ‘विंगर’ म्हणतात. प्रतिपक्षास चकवून धांवावयाचें आणि चेंडू मध्यावरील सोबत्यांस पोंचवावयाचा, एवढेंच त्याचें काम. गोल बहुधा दुसऱ्याच्या नांवावर जमा होतो. स्कॉटलंडचा ॲलेक्स जॅक्सन मात्र याला अपवाद होता.

त्याचा जन्म १९०५ सालीं रेंटन गांवीं झाला. लेव्हन नदीकांठचा हा मुलूख तांबड्या रंगाच्या कापडासाठीं नांवाजलेला होता. तें कापड मुंबईच्या बाजारांतहि येई. आपल्यापैकीं कोणाच्या पणजीच्या पेटींत त्याचा एखादा तुकडा अजून निघाल्यास नवल नाहीं. १९२२ सालीं जॅक्सन दुसऱ्या श्रेणींतील डंबार्टन संघांतून खेळूं लागला. मग अमेरिकेंत एका पोलाद-कारखान्याचा संघ, मग ॲबर्डीन, आणि १९२५ सालीं इंग्लंडांतील हडर्सफील्ड. ३१ मार्च १९२८ रोजीं वेंब्लीच्या ओल्या मैदानावर स्कॉटलंडनें इंग्लंडचा ५-१ असा पराभव केला. त्यांतले तीन गोल जॅक्सनचे! डावीकडून ॲलन मॉर्टननें चेंडू द्यावा आणि उजवीकडून यानें आंत घुसून तो गोलांत घालावा, असा तो प्रकार होता.

१९३० सालीं चेल्सीनें त्याच्यासाठीं ८,५०० पौंड मोजले. हे पैसे अर्थातच हडर्सफील्डला मिळाले. खेळाडूच्या हातीं नियमाप्रमाणें आठवड्यास फार तर ८ पौंड! कारकुनास राजीनामा देऊन दुसऱ्या कचेरींत जातां येतें. खेळाडूस ती सोय नव्हती. करार संपला तरी क्लबाच्या संमतीवांचून त्याला लीगमधील दुसऱ्या संघांत खेळतां येत नसे. फ्रान्समधून अधिक पैशांचें बोलावणें येऊं लागलें, आणि १९३२ सालीं चेल्सीशीं त्याचा बेबनाव झाला. शिस्तीचा प्रश्न होता, असें क्लबाचें म्हणणें. तें खरें धरलें, तरी सत्तावीस वर्षांच्या माणसाचा धंदाच बुडावा, ही शिक्षा अवाजवी नव्हे काय? लीगचीं दारें बंद झाल्यावर तो तिच्या बाहेरील ॲश्टन नॅशनल, मार्गेट अशा लहान संघांत खेळला. पुढें फ्रान्समध्यें नीस येथें गेला.

वेतनाची ती मर्यादा १९६१ सालीं उठली, आणि १९६३ सालीं इंग्लंडच्या न्यायालयानें खेळाडूस अडकवून ठेवण्याची पद्धत अन्याय्य ठरविली. जॅक्सन तत्पूर्वींच, १९४६ च्या नोव्हेंबरांत, लष्करी नोकरींत असतां इजिप्तमध्यें मोटार-अपघातांत मरण पावला होता.