स्नो, शेख आणि पिंजारी

'गेम ऑफ थ्रोन्स' बघितलेल्या तरुणांना त्यातले ड्रॅगन आणि कारस्थानं तोंडपाठ असतात. त्या जगातल्या नावांकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या या कादंबरीमालिकेचं पहिलं पुस्तक १९९६ साली आलं. त्यांनी रचलेल्या वेस्टेरॉस नावाच्या देशात माणसाची पायरी त्याच्या नावावरून कळते. सरदार घराण्यांना आडनाव असतं, स्टार्क, लॅनिस्टर वगैरे. शेतकरी, लोहार, मोलकरणी यांना आडनावच नसतं. आणि सरदाराला लग्नाबाहेर झालेलं मूल असेल तर त्याला त्या प्रांताचं ठरलेलं आडनाव मिळतं. उत्तरेत स्नो, डॉर्नमध्ये सँड, नद्यांच्या मुलखात रिव्हर्स. बर्फ, वाळू, नद्या. जमीन आहे, बाप नाही.

यात एक खोच आहे. स्नो हे आडनाव हिणवण्यासाठी असलं तरी ते कोणालाही मिळत नाही. आई किंवा बाप उमराव असावा लागतो. गरिबाच्या अनौरस पोराला तेही नाही. म्हणजे कलंकसुद्धा वरच्या वर्गाचा! लेखकाला समाज कळलेला आहे, हे मला इथे पटतं.

त्याच कथेत समुद्रापलीकडे अनसलीड नावाचे गुलाम सैनिक आहेत. त्यांची नावं रोज बदलतात. दररोज पिंपातून एक चकती काढायची, त्यावर किड्यामुंगीचं जे नाव असेल ते त्या दिवसापुरतं आपलं. आपण कोणीतरी आहोत हे माणसाने विसरावं, म्हणून ही सोय. पुढे त्यांना मुक्त केलं जातं आणि हवं ते नाव घ्या असं सांगितलं जातं. त्यांचा नायक मात्र 'ग्रे वर्म' म्हणजे करडा किडा हेच नाव ठेवतो. कारण स्वतंत्र झालो त्या दिवशी हेच नाव हाती आलं होतं, असं तो सांगतो.

हे वाचताना मला हजरत जैद आठवतात. ते गुलाम म्हणून विकले गेले होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना मुक्त केलं, मुलगा मानलं, आणि लोक त्यांना जैद बिन मुहम्मद म्हणू लागले. यापेक्षा मोठं नाव कोणतं? तरी कुरआनच्या सूरह अहजाबमध्ये आदेश आला की दत्तकांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारा, आणि बाप माहीत नसेल तर ते तुमचे धर्मबंधू आहेत. जैद पुन्हा जैद बिन हारिसा झाले. कुरआनमध्ये नावानिशी उल्लेख असलेले सहाबी ते एकटेच. ज्याचा बाप माहीत नाही त्याला वेस्टेरॉस 'बर्फ' म्हणतं, कुरआन 'भाऊ' म्हणतं. सूरह हुजुरातमध्ये तर एकमेकांना हिणवणारी नावं ठेवायचीही मनाई आहे.

आणि आपण काय केलं? अरबस्तानातून, इराणातून आलेले ते अशराफ आणि इथलेच, हातांनी काम करणारे ते अजलाफ, अशी उतरंड हिंदुस्थानी मुसलमानांनी शतकानुशतकं सांभाळली. मग खालच्यांनी वर चढण्यासाठी नावाचा जिना लावला. उत्तरेत जुलाहे अन्सारी झाले, कसाई कुरेशी झाले, न्हावी सलमानी झाले. मी त्यांना दोष देत नाही. ज्या नावाने पान्याच्या रांगेत मागे ढकललं जातं ते नाव कोण मिरवील?

आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रात तांबोळी, बागवान, आतार, मुलाणी ही नावं टिकली. मराठवाड्यात, खानदेशात मात्र 'शेख अमुक शेख तमुक' अशी नावं घरोघर. त्यातला एखादा पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजणारा असतो. पण शाळेत घालताना गुरुजींनी विचारलं नाही, बापाने सांगितलं नाही, आणि जातीच्या रकान्यात 'मुसलमान' एवढंच लिहिलं गेलं.

खरी अडचण पुढे येते. पिंजारी ही ओबीसींच्या यादीतली जात आहे. नातवाला इंजिनिअरिंगला जायचं तर जातीचा दाखला लागतो, त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि त्यानंतर पडताळणी समिती. आजोबांच्या दाखल्यावर 'शेख, मुसलमान' असेल तर पुराव्याचा शोध सुरू होतो. जे नाव इज्जतीसाठी झाकलं, तेच आता जुन्या कागदांत हुडकावं लागतं.

इथे काही मौलवीसाहेब म्हणतात, इस्लाममध्ये जात नाही, मग जात लिहायची कशाला? इस्लाममध्ये नाही हे मलाही मान्य. पण सोयरीक जुळवताना 'खानदान काय?' असं विचारणारे बहुधा हेच असतात. जात पाळायची घरात आणि नाकारायची फक्त अर्जावर, यात नुकसान गरिबाचंच होतं. शब्बीर अन्सारींनी महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली तेव्हा हाच आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. त्या चळवळीच्या व्यासपीठावर दिलीपकुमार येत. यूसुफ खान या नावाने जन्मलेला, दुसऱ्याच नावाने जगभर गाजलेला माणूस. नावाची किंमत त्यांना वेगळी सांगावी लागली नसणार.

वेस्टेरॉसमध्ये माझं आवडतं पात्र डाव्होस सीवर्थ. झोपडपट्टीत जन्मलेला, बिनआडनावाचा चोरटा व्यापारी. वेढ्यात उपाशी मरणाऱ्या किल्ल्याला त्याने नावेतून कांदे पोचवले म्हणून तो सरदार झाला, आणि आडनावही मिळालं. उमराव त्याला 'कांदेवाला सरदार' म्हणून हिणवतात. त्याने मात्र आपल्या निशाणावर कांदाच काढून घेतला आहे.

जून आला की शाळेचे अर्ज भरले जातात. आमच्या पिंजारी, तांबोळी, आतार भावांना माझं सांगणं एवढंच की अर्ज स्वतः वाचा, मुलाचं पूर्ण नाव आणि जात स्वतःच्या हाताने लिहा, आणि घरात आजोबांचा शाळेचा दाखला, खासरापत्र, जन्ममृत्यूची नोंद असं जे काही जुनं सापडेल ते आत्ताच झेरॉक्स काढून ठेवा.